वीटभट्टी पाटी

नांदेडच्या त्या थंडगार हॉलात देविदास कंडक्टरला घाम फुटला होता. पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, म्हणून दीपालीनं आईबापाला मुखेडहून बोलावून मागच्या रांगेत बसवलं होतं. पाच वर्षं पोरगी एकाच कामात गुंतलेली. शहर लातूर रोडनं वाढत चाललंय, तर सिटी बस नेमकी कुठं थांबावी, हे प्रवाशांच्या मोबाइलवरून कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं. आज पास झाली तर डॉक्टर, नाही तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुण्याहून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या प्रबंधात सव्वीस पाट्या आहेत. मी काल याच रस्त्यानं आलो. मुद्दाम मोजल्या. सातच दिसल्या. बाकीच्या एकोणीस कुठून आणल्या?"

देविदासनं कपाळाला हात लावला. अरे देवा, हा भला माणूस रस्ताभर रंगवलेले बोर्ड मोजत आला की!

दीपाली शांतपणे म्हणाली, "सर, आमच्याकडं पाटी म्हणजे फलक नव्हे. गावाचा रस्ता जिथं फुटतो, माणसं गाडीची वाट बघतात, ती जागा. कधीकाळी तिथं नावाचा फलक असायचा. फलक पडला, नाव राहिलं."

"आणि ही नावं तुम्हाला कुणी सांगितली?"

"माझ्या वडिलांनी. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. प्रबंधात तसं लिहिलंय."

कावेरीबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. देविदास ताठ बसला. पण परीक्षकांनी नेमकं तेच धरलं.

"म्हणजे जागा वडिलांच्या. तुम्ही नुसती नकाशावर टिंबं दिली. मग यात तुमचं संशोधन काय?"

देविदास खुर्चीच्या कडेला सरकला. आपल्याच नावापायी पोरीची पाच वर्षं मातीत चालली होती.

"वडील आलेत का? काका, सांगा बरं पाट्या, ओळीनं."

देविदास उठला. एसटीत घसा फोडलेला माणूस तो, त्याला काय शिकवायचं? "लिंबाची पाटी, बोरगाव पाटी, तळ्याची पाटी, मंग पूल संपला की वीटभट्टी पाटी..."

"आप्पा, चुकलं," दीपाली म्हणाली.

"काय चुकलं? तिथं हजारदा घंटी मारली हाय मी."

"तुम्ही रिटायर झाला अन् पाटी हलली." ती परीक्षकांकडं वळली. "सर, आप्पांच्या शब्दावर मीही पुलापाशीच टिंब दिलं होतं. कॉम्प्युटर एक किलोमीटर पुढं दाखवत होता. मला वाटलं, त्याचंच चुकतंय. तीन दिवस पुलापाशी उन्हात उभी राहिले, चिटपाखरू आलं नाही. चौथ्या दिवशी पुढं गेले, तर नव्या कॉलेजच्या गेटासमोर ऐंशी जण उभे. ही कोणती जागा विचारलं, तर म्हणाले, वीटभट्टी पाटी. वीटभट्टी कशी असते हे त्यातल्या एकानंही पाहिलं नव्हतं. अशा सात पाट्या सरकल्यात. शहर वाढलं की पाटी कुठं सरकेल, हे आधी ओळखणं, हे माझं संशोधन आहे."

परीक्षकांनी प्रबंधाची पानं मागंपुढं केली. मग मान वर केली. "काका, काय म्हणता?"

सगळा हॉल देविदासकडं बघत होता. त्यानं सदरा खाली ओढून नीट केला.

"तिचं बरोबर हाय, साहेब. मी चुकलो."

अर्ध्या तासानं दीपालीला डॉक्टर जाहीर केलं. टाळ्या पडत असताना कावेरीबाई डोळे पुसत नवऱ्याच्या कानाशी लागली, "एवढ्या शिकलेल्या लोकांत तोंडावर पडलात की हो तुमी."

"हाव," देविदास म्हणाला. टाळ्या वाजवून वाजवून त्याचे तळवे लाल झाले होते. "तीस वर्षांत या रस्त्यावर मला खोटं पाडणारं कुणी भेटलं न्हाई. आज भेटलं, अन् ती आपली लेक हाय."