सीतादहीचं पहिलं बोंड

आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. सासूबाई ‘त्या जागेचं’ म्हणतात, नवरा ‘ऑपरेशन’ म्हणतो, आणि माझी धाकटी जाऊ चंचल नुसती माझ्या उजव्या बाजूकडे बघून मान खाली घालते. मी सरळ सांगते, छाती. उजवी छाती काढली. कॅन्सर होता म्हणून काढली. असं म्हटलं की सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवतात.

ऑपरेशन हैदराबादला झालं. जखमेतलं पाणी उतरायला नळी आणि बाटली लावूनच घरी सोडलं होतं. ती बाटली भाजीच्या पिशवीत घालून मी आदिलाबादपर्यंत बसनं आले. शेजारच्या बाईनं पिशवीत काय आहे विचारलं, तर म्हटलं टमाट्याचं सार आहे. चंपतराव, म्हणजे माझा नवरा, खिडकीकडे तोंड करून बसला.

पुढे नळी निघाली, टाके निघाले. काढलेली गाठ तपासायला गेली होती आणि तिचा रिपोर्ट आल्यावर ठरणार होतं, सलाईनमधून कडक औषध द्यायचं, की करंट द्यायचा, की दोन्ही. करंट म्हणजे मशीनचा शेक. दवाखान्यातल्या सगळ्या बाया त्याला करंटच म्हणतात. रिपोर्ट काही येईना. चंपतराव फोन खिशातून काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. मी भिंतीवर बोटं चढवायचे. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला व्यायाम तो. उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर न्यायची, आणि जिथं पोचतील तिथं मी कोळशानं रेघ मारायचे. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण रेघ वर सरकली की भीतीला जरा तरी तोंड देता यायचं.

तेवढ्यात कापूस फुटला. आदिलाबादच्या पुढे, आमच्या बेल्याकडच्या गावांत वेचणीच्या आधी सीतादही करतात. शेतातल्या एका पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाच्या झाडाखाली, खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा, दहीभात ठेवायचा, आणि घरच्या बाईनं पहिलं बोंड वेचायचं. मग मजूर बाया ओळीला लागतात. आमच्या घरची रीत आणखी एक आहे. जिनं पहिलं बोंड वेचलं तिनं ते वर्षभर आपल्या पेटीत सांभाळायचं, आणि पुढच्या सीतादहीला त्याचीच वात वळायची. सासूबाईंचे हात थकल्यापासून हे काम माझं होतं.

सीतादहीच्या आदल्या दिवशी मी सैपाकघरात गेले, तर सासूबाई चंचलला खडे कसे मांडायचे ते शिकवत होत्या. मला बघून चंचलच्या हातातला खडा पडला.

“काय चाललं, आत्याबाई?” मी विचारलं.

“यंदा चंचल करीन वं भागू,” सासूबाई म्हणाल्या. “तू आराम कर.”

“आरामच करून राह्यली ना मी. बोंड वेचाले काय पैलवानाचं अंग लागते?”

“तसं नाई. सीतादहीले बाई अंगानं धड पाह्यजे.”

माझं डोकंच फिरलं. बयनाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या मशीननं नेलेली आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हाही ती नव्हती, आणि तरीही कित्येक वर्षं पहिलं बोंड त्यांनीच वेचलं.

“मंग तुमाले कोणी थांबवलं नाई, ते काऊन?” मी म्हटलं. “दोन बोटं तर तुमची बी गेली.”

“बोटाची गोष्ट अलग आहे.”

“काऊन अलग?”

“बोट म्हंजे बोट. आन् हे म्हंजे...”

“छाती. म्हना ना. छाती. काई होत नाई म्हनल्यानं.”

चंचल मध्ये पडली. ती स्वभावानं वाईट नाही, तिला फक्त सगळ्यांना खूश ठेवायचं असतं. तिनं पदराआडून कापूस भरून शिवलेली एक गादी काढली, हाताच्या पंज्याएवढी. “मोठीबाई, हे ब्लाउजात घाला. वेचाले बाया येतीन, पाह्यतीन. दोन्हीकून सारखं दिसलं म्हंजे आत्याबाई बी काई म्हननार नाईत.”

“पाहू दे की!” मी ती गादी तिच्या हातात परत दिली. “मी कोनाचं चोरलं आहे का काई लपवाले?”

यावर सासूबाई एकदम खाली बसल्या. भांडायचं बळ संपल्यासारख्या. आणि मग मनात होतं ते बाहेर आलं.

“अवं, पन पुढच्या साली वात कोन वळीन?”

चंपतराव दारात उभा होता, त्यानं खिशातून फोन काढला.

म्हणजे धड-बिड सगळं बहाणा होता. रिपोर्ट यायचा होता, डॉक्टरांनी अजून तोंड उघडलं नव्हतं, आणि माझ्या घरच्यांनी माझ्यामागची सोय लावायला घेतली होती. प्रेमानंच, हे मला कळत होतं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी मला इतका राग आला की रडूसुद्धा आलं नाही.

मी आत गेले, पेटी उघडली, फडक्यात बांधलेलं गेल्या सालचं बोंड आणलं आणि सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसले. सरकी काढली, कापूस पिंजला आणि मांडीवर वात वळायला घेतली. उजव्या हातानं. काखेत ओढ बसली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण वात वळली. जरा वाकडी झाली.

“यंदाची मी वळली,” मी म्हटलं. “पुढच्या सालची बी मीच वळीन.”

दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले ती पदर नेहमीसारखा खोचून. मजूर बायांनी पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यातली एक म्हणाली, “बरी दिसून राह्यली वं माय.” झालं, तेवढंच. खडे मांडले, दिवा लावला. वाकडी वात सरळ वातीसारखीच जळाली.

बोंडाला हात घालणार तोच चंपतरावचा फोन वाजला. त्यानं नंबर पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“दवाखान्याचा,” तो म्हणाला.

“वाजू द्या. हे झाल्यावर लावा.”

उजव्या हाताला ओरखडा येऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून डाव्या हातानं वेचलं. सुकलेल्या बोंडाचं टोक बोटात शिरलं, सवय नव्हती ना त्या हाताला. पण कापूस पूर्ण निघाला, पांढराशुभ्र.

मग चंपतरावनं फोन लावला. तो नुसता “हां, हां” म्हणत होता. ठेवल्यावर म्हणाला, “रिपोर्ट आला. सोमवारी बोलावलं. काय आहे ते तिथंच सांगतीन.”

“जाऊ सोमवारी,” मी म्हटलं. “करंट तर करंट, सलाईन तर सलाईन.”

पहिलं बोंड खाली ठेवायचं नसतं आणि पेटी होती घरी. मी ते ब्लाउजात, उजव्या बाजूला खोचलं.

“अवं, तिथं काऊन?” सासूबाई म्हणाल्या.

“इथं जागा आहे ना, आत्याबाई.”

त्या पुढे झाल्या, उरलेल्या तीन बोटांनी माझा पदर त्या बोंडावर नीट केला, आणि चंचलला म्हणाल्या, “पाहून ठेव. पुढच्या साली वातीले हे बोंड इच्याकूनच मागून घ्याचं आहे.”