चिमीचा चेहरा

डॉक्टरांनी सासूबाईंना स्पष्टच सांगितलं होतं. कडेचं दिसत राहील, पण नजरेचा मधला भाग जाणार. समोरच्या माणसाचा नेमका चेहराच पुसल्यासारखा होईल. घरी येताना बसमध्ये त्या सुनेला म्हणाल्या, "भाजी निवडायला बोटं पुरतील गं. मला चिमीचा फोटो तेवढा मोठा करून दे. दिसतंय तोवर बघून घेते."

चिमी म्हणजे सुनेची नणंद. नवव्या वर्षी तापाने गेली, तेव्हा सुनेचा नवरा पाळण्यात होता. घरात तिचं नाव क्वचितच निघे. फोटोही एकच, शाळेतल्या वर्गाचा. चिमी मागच्या ओळीत, चेहरा वाटाण्याएवढासुद्धा नाही.

सुनेने तो शाईवाल्यांकडे नेला. जुने फोटो स्कॅन करून छापून द्यायचं त्यांचं दुकान होतं, आणि बोटं कायम रंगलेली म्हणून सगळे त्यांना शाईवालेच म्हणत. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"मोठा करीन, वहिनी. पण एवढा मोठा केला की चेहरा दिसत नाही, ठिपके दिसतात. माझ्या मशीनच्या पोटात रंग आहेत, डोक्यात काही नाही. मुळात नाही ते कुठून आणणार?"

"काहीतरी करा. आईंना आता फार दिवस दिसणार नाही."

म्हणून त्यांनी केलं. संगणकावर पुसट चेहरे भरून काढायची एक सोय होती. त्या सोयीने डोळे, पापण्या, ओठ, सगळं ठसठशीत करून दिलं. शाईवाल्यांनी ते जाड मॅट कागदावर छापलं आणि शाई पुरती सुकल्यावर पाठवून दिलं. फोटो इतका जिवंत आला होता की सुनेच्या नवऱ्याला तो खाली ठेववेना. "ताई अशी होती तर," तो म्हणाला. सासूबाईंनी मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने पाहिलं. "छान झालाय," एवढंच बोलल्या.

शाईवाल्यांचं मन मात्र त्यांना खात होतं. ते डोळे त्या मुलीचे नव्हते. कुठल्या कुठल्या अनोळखी चेहऱ्यांवरून मशीनने जुळवलेले होते. शेवटी एका दुपारी ते घरी गेले. मुलगा कामावर होता. सासूबाईंसमोर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"कळलं होतं मला," सासूबाई म्हणाल्या. "चिमी जिन्यावरून पडली होती. डावी भुवई मधेच तुटलेली होती तिची. ह्या पोरीची अखंड आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" सुनेने विचारलं.

"माझा मुलगा पहिल्यांदा बहिणीकडे बघत होता. कुठल्या तोंडाने सांगू?"

शाईवाले म्हणाले, "आता सांगा. तुम्ही सांगाल तसं मी बदलत जातो."

पण शब्दांत चेहरा मावेना. "नाक बसकं. म्हणजे अगदी बसकं नव्हे..." सासूबाई चिडल्या, थांबल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "इकडे ये." त्यांनी तिच्या नाकावर बोट ठेवलं. "हे इथून सुरू व्हायचं, तुझ्याहून खाली. गाल इथे आत. हनुवटी अशी."

दोघींचं कधी वाजलं नव्हतं, पण सासूबाईंनी तिला कधी जवळही घेतलं नव्हतं. सून डोळे मिटून बसून राहिली. बोटं कपाळावरून सावकाश खाली येत होती. शाईवाले आधी नीट बघत होते, मग त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

त्यानंतर सून साध्या कागदावरचे कच्चे नमुने आणू लागली. "ओठ जाड करा म्हणावं." "फार हसतेय. चिमी उगाच हसायची नाही." एका सकाळी सासूबाईंनी कागद उलटा धरला. सुनेने तो सरळ करून दिला.

पक्का फोटो शाईवाले स्वतः घेऊन आले. सासूबाईंनी तो तिरका केला, जवळ आणला, लांब धरला आणि मांडीवर ठेवला.

"नुसता डाग दिसतोय," त्या म्हणाल्या. "तू सांग."

सून सांगू लागली. कपाळ रुंद आहे. केस एका बाजूला सुटलेत. हसत नाहीये, पण कुणीतरी आत्ताच हाक मारल्यासारखी बघतेय.

सासूबाईंनी फोटोवरून बोट फिरवलं. "हो," त्या म्हणाल्या. "तीच."

खरंच तीच होती का, हे शाईवाल्यांना कधीच कळणार नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

संध्याकाळी मुलगा घरी आला. भिंतीवरचा आधीचा मोठा फोटो काढून तिथे नवा लावलेला पाहून तो गोंधळला. "ही जरा रागीट दिसते," तो बायकोला हळूच म्हणाला.

"होतीच रागीट," आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "तू पाळण्यात रडायला लागलास की तुझ्यावर ओरडायची. आणि मग तूच तिच्याकडे बघून हसायचास."

तो जाऊन आईच्या खाटेवर बसला. "अजून काय करायची?" त्याने विचारलं. सुनेने दारातूनच पाहिलं, आणि पानं वाढायची घाई केली नाही.