बिनफितीचं पुस्तक

कव्हरचा कोपरा केसभर सरकला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून बाइंडिंग खात्यात तिला सगळे 'भिंग' म्हणत. आणि अशा बाईने तपासलेल्या गठ्ठ्यात त्या सकाळी एक नाही, दोन नाही, चांगली एकशे चाळीस पुस्तकं उलटी निघाली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

उलटी म्हणजे कशी, ते सांगायला हवं. पक्क्या बांधणीचं पुस्तक दोन वाटांनी येतं. एकीकडे छापलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, घड्या घालून, शिवून, तिन्ही बाजूंनी कापले की ठोकळा तयार होतो. दुसरीकडे पुठ्ठ्यावर कापड चढवून कव्हर. दोघांची गाठ पडते ती दादाच्या मशीनवर. दादा ठोकळा पाठ, म्हणजे शिवलेली बाजू, वर करून उभ्या पात्यावर बसवायचा. पातं त्याला घेऊन गोंदाच्या दोन रुळांमधून वर चढायचं, आणि वर तयार असलेलं कव्हर त्याच्या पाठीवर अलगद बसायचं. मग पुस्तक दाबाखाली जायचं आणि रात्रभर वाळायचं. ओलं पुस्तक उघडायचं नाही. उघडलं की कव्हरला आतून चिकटणाऱ्या अस्तराच्या कागदाला सुरकुती पडलीच समजा. त्यामुळे आदल्या दिवशी भिंगाने बाहेरून पाहिलं ते सगळं ठाकठीक होतं. सकाळी उघडून बघते तर अक्षरं खाली डोकं वर पाय!

तिने भराभरा गठ्ठा उपसला. दहा सरळ, दहा उलटी. पुन्हा दहा सरळ, दहा उलटी. दहाचा हिशेब तिला लगेच कळला. पाठीकडे ठोकळा जाड असतो, थप्पी कलते, म्हणून कटिंगवाले काका दहा-दहा ठोकळे उलटसुलट रचून पाठवत. आजचं नव्हे, वर्षानुवर्षं. आणि दादा दरवेळी ते फिरवून घेई. मग कालच काय झालं?

काल पुस्तकाला फीत नव्हती. वाचता वाचता पान सापडावं म्हणून ठेवतात ना, ती खुणेची फीत. ती पाठीला वरच्या टोकाशी चिकटवलेली असते. या खेपेला प्रकाशकाने ती काढून टाकली होती. भिंगाला दादाचा अंगठा आठवला. हल्ली प्रत्येक ठोकळा उचलताना तो पाठीवरून फिरायचा, फितीच्या टोकाशी क्षणभर थांबायचा, आणि मगच ठोकळा पात्यावर चढायचा. तिला वाटायचं, सवय असेल. म्हणजे वरची बाजू तो बोटानेच ओळखत होता?

दादा तिचा सख्खा थोरला भाऊ. सगळं खातं त्याला दादा म्हणे, पण पहिला हक्क तिचा. काम त्यानेच शिकवलं होतं तिला. तो रूळ पुसत होता. तिने एक पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"दादा, बघ जरा कसं झालंय."

त्याने पुस्तक उघडलं, पानावर नजर ठेवली, सांध्यावरून बोट फिरवलं. "छान बसलंय की. का गं?"

"उलटं आहे ते, दादा."

त्याने पुस्तक मिटलं.

"कडेचं दिसतं," तो म्हणाला. "मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. तुझा चेहरासुद्धा. वर्ष होत आलं. गेलेलं परत येणार नाही म्हणाले डॉक्टर."

"वर्ष! आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस? मी काय परकी होते?" तिला इतका राग आला की रडूही येईना.

"तुला सांगितलं असतं तर तू मशीन सोडायला लावलं असतंस. मशीन सोडलं की ते खरं झालं असतं गं."

तेवढ्यात खात्याचे साहेब आलेच, हातात एक उलटं पुस्तक घेऊन.

"भिंगबाई, हा काय प्रकार आहे?"

"थप्प्याच उलट्या आल्या, साहेब," तिच्या तोंडून निघून गेलं. "कटिंगकडून घोळ झाला."

पलीकडे काका ताडकन उठले. "माझ्याकडून? अहो, आजवर अशीच रचतोय मी!" साहेब त्यांच्याकडे वळले. भिंगाने मान खाली घातली. आपण काय बोललो हे तिला कळत होतं, आणि तरी शब्द परत घेववत नव्हते.

"थांबा," दादा म्हणाला. "काकांना काही बोलू नका. ते ठोकळे मी लावलेत. मला दिसत नाही, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग रुळांकडे.

"यात बोटं गेली असती म्हणजे, दादा?" ते हळूच म्हणाले. "आजपासून मशीनला हात लावायचा नाही."

"नाही लावत. पण ही एकशे चाळीस मीच सोडवतो. तेवढं करू द्या."

साहेबांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. भिंग काकांपाशी गेली. "काका, चुकले मी." काका म्हणाले, "राहू दे गं पोरी," आणि फडक्याने विनाकारण टेबल पुसत राहिले.

दादा स्टुलावर बसला. कव्हर उघडायचं, सांध्यात पातळ सुरी घालून अस्तर कापायचं, ठोकळा मोकळा करायचा. नवं अस्तर लावलं की ठोकळा पुन्हा मशीनवर जाणार. एकाही पानाला सुरी लागली नाही. भिंग शेजारी बसून मोकळे ठोकळे सरळ लावत होती.

"कशावर आहे गं हे पुस्तक?"

"मला काय माहीत? मी कोपरे बघते."

तो हसला. "मीही नाही वाचलं. तीस वर्षांत एकही नाही. प्रत्येक पुस्तकाची एक खराब प्रत तेवढी घरी नेली. रिटायर झालो की निवांत वाचू म्हटलं. दोन कपाटं भरलीत."

वहिनी सारखी त्या कपाटांवरून कुरकुर करायची. भिंगाला वाटायचं, दादाला रद्दी टाकवत नाही.

तिने हातातला ठोकळा सरळ धरला, पहिलं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली. एका गवंड्याची गोष्ट होती. स्वतःचं घर बांधायला निघालेला गवंडी. दादाने सुरी खाली ठेवली आणि मान तिरकी करून ऐकू लागला. अर्ध्या पानावर तिचे डोळे भरून आले, आणि पुढची अक्षरं दिसेनाशी झाली.

"थांबलीस का?"

"पान संपलं, दादा."

त्याने हात पुढे केला, कागदाची कड चाचपली आणि तिच्यासाठी पान उलटून दिलं. अर्धं पान वाचायचं राहिलं होतं. तिने डोळे पुसले आणि पुढच्या पानावरून वाचायला सुरुवात केली.