नणंदेसाठी साठवलेला श्वास

न्यूमोनियाने मी व्हेंटिलेटरवर होते, तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेने माझ्या नवऱ्यासाठी दुसरी बायको बघायला घेतली. माझ्या घशात नळी, आणि ही बाई फोनवर कुणाला तरी विचारतेय, "स्वयंपाक बरा करते ना?" हे मी घरी आल्यावर नवऱ्यानेच सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही.

पहिल्याच भेटीत मी तिला धारेवर धरायला गेले. "ताई, मी अजून गेले नव्हते आणि तुम्ही..." एवढ्यावरच दम संपला. छाती नुसती वरखाली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नको बोलूस गं, त्रास होतो तुला." मग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, की भावजयीचं आता काही खरं नाही.

डॉक्टरांनी फुप्फुसांच्या व्यायामाच्या वर्गाला धाडलं. मी एकही दिवस चुकवत नाही हे बघून नवरा सगळ्यांना सांगायचा, "जिद्द आहे हो तिच्यात." जिद्द कसली, डूख होता.

वर्ग दवाखान्याच्या तळमजल्यावर. दोन सायकली, चालायचा पट्टा, भिंतीशी खुर्च्या. फिजिओ माझ्या लेकीच्या वयाची. तिने आधी श्वास शिकवला. नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, गरम चहावर फुंकर घालावी तसा. आणि पट्ट्यावर चालताना बोलत राहायचं. वाक्य तुटलं तर वेग जास्त झाला.

"काय बोलू?"

"काहीही, काकू. पाढे म्हणा."

मी नणंदेला बोलायला घेतलं. "ताई, मी जिवंत असताना... तुम्ही माझ्या संसारावर... दुसरी बाई..."

फिजिओने पट्टा हळू केला. शेजारच्या सायकलवर एक निवृत्त ड्रायव्हर होते, वर्गाचे ड्रायव्हरकाका, नाकात ऑक्सिजनची नळी. "'संसारावर' काढा," ते पायडल मारता मारता म्हणाले. "उगाच... श्वास खातो."

"तो काढला तर उरलं काय?"

"बाई उरली. भांडण... तिच्यावरूनच आहे ना?"

काढला. पुढे नवऱ्याच्या तोंडून एकेक नवी गोष्ट बाहेर पडत गेली, आणि वर्गातला प्रत्येक जण ती माझ्या वाक्यात बसवू लागला. वाक्य वाढत गेलं, पट्टाही जोरात फिरू लागला. फिजिओचं एकच पालुपद, "काकू, राग आला की तुमचे खांदे वर जातात. खांदे खाली ठेवून रागावा." खांदे खाली ठेवून रागावणं हा त्या वर्गातला सगळ्यात अवघड व्यायाम.

नणंद तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. नवरा म्हणाला, "तिलाच खाली बोलवू ना."

"मला वर जाऊनच बोलायचंय."

जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी कठडा धरून फुंकर घालत उभी राहिले. नवरा मागे पिशवी घेऊन, लोकांच्या दारातल्या कुंड्या निरखत.

तिने दार उघडलं. "अगं, चढून आलीस? बस बस, बोलू नकोस."

खांदे खाली. "ताई, मी जिवंत असताना तुम्ही माझ्या जागी दुसरी बाई बघितलीत, तिला माझ्या नवऱ्याचा पगार सांगितलात, माझं कपाट रिकामं करून द्यायचं कबूल केलंत, आणि वर माझ्याच पाठीवरून हात फिरवलात."

वाक्य अख्खं गेलं, कुठेही न तुटता. पण त्यानंतर मला थांबावंच लागलं. आता ही पुन्हा पाठ कुरवाळायला जवळ येणार, असं वाटलं. पण या खेपेला तिला मिरच्या झोंबल्या होत्या.

"मग काय करायचं होतं मी? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. तू गेली असतीस तर त्याचं सगळं कुणी बघायचं, मी?"

ती चक्क भांडत होती. आजारपणापासून माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं, सगळे मला काचेच्या भांड्यासारखे जपत होते. शिवाय ती बोलतेय तेवढा वेळ मला विसावा. हे काही वर्गात शिकवलेलं नव्हतं. मी ओठांचा चंबू केला आणि तिला मनसोक्त बोलू दिलं.

"मोजे खालच्या खणात असतात," मग मी म्हटलं. "त्यासाठी बायको लागत नाही, वाकावं लागतं."

नवरा पिशवीत काहीतरी शोधू लागला.

नणंद खुर्चीत बसली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "चुकलं माझं. घाबरले होते गं मी. झालं? आता तरी बस."

ती खरंच घाबरली असणार, ते दिसत होतं. पण चुकलं म्हणायची तिने फार घाई केली. माझं निम्मं बोलणं अजून बाकी होतं, आणि ते मी घाम गाळून कमावलं होतं. मी भिंतीला टेकले, नाकाने श्वास घेतला आणि उभ्यानेच पुढचं सुरू केलं.