कारभारीनानांच्या दोन चांदण्या

कादंबरी छापली की लेखकाला वाटतं, आता ती सगळ्या जगानं वाचावी. मलाही वाटत होतं. फक्त आमच्या कारभारीनानांनी ती वाचू नये, एवढंच मी देवाकडं मागत होते.

नाना म्हणजे माझे चुलतसासरे. गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. तालुक्यात निवडणूक कसलीही असो, पॅनेल बांधायला नाना पुढं. आता माझ्या ‘उन्हाळी आवर्तन’ या कादंबरीतही एक चेअरमन आहे. उन्हाळ्यात पाटाला पाण्याचं आवर्तन सुटतं तेव्हा तो पाळी नसताना ते पाणी आपल्या उसाकडं वळवतो आणि पाटाच्या पार शेवटाला असलेल्या एका विधवेचा कांदा जागेवर करपतो. हे सगळं मला कल्पनेतून सुचलं असं सांगितलं असतं, तर गावातलं शेंबडं पोरही हसलं असतं. ती बाई म्हणजे आमच्या गावच्या मालनबाई, आणि चेअरमन म्हणजे नाना. शेवट तेवढा माझा. कादंबरीत चेअरमन मालनबाईंच्या, म्हणजे त्या विधवेच्या, दारात जाऊन माफी मागतो. नानांनी ती कधीच मागितली नव्हती. पण मला त्याच घरात नांदायचं होतं, म्हणून मी कडू गोळीला गूळ लावला.

माझ्या नवऱ्यानं, कल्याणनं, ती वाचून एकच अभिप्राय दिला. “झकास जमलीय, सुकन्या. नानांच्या हाताला लागली तर आपण दोघं तुझ्या माहेरी राहू.”

प्रकाशकांनी उत्तरं दिली नाहीत, म्हणून राहुरीच्या एका प्रेसमध्ये मी ती स्वतःच छापून घेतली. लग्नपत्रिकांच्या घाईतून प्रेसवाल्याला सवड मिळेल तशी छापली, त्यामुळं सोळा पानांच्या एका फॉर्माच्या कागदाला अजून हळदीचा वास येतो. मग स्पर्धा सुरू झाल्या. एका ठिकाणी उत्तेजनार्थ, दुसऱ्या ठिकाणी ‘सहभागाबद्दल आभार’, तिसऱ्या ठिकाणी पुस्तक पोचलं की नाही तेही कळलं नाही. ऑनलाइन एका वाचकानं पाच स्टार देऊन लिहिलं, ‘पार्सल वेळेवर मिळाले.’ मी त्याचेही आभार मानले.

आणि एक दिवस एका वाचन-ॲपच्या ‘वाचकपसंती’ स्पर्धेत माझी कादंबरी शेवटच्या दोघींत आली. वाचकांच्या स्टारवर निकाल लागणार, आणि जिंकणारीचं पुस्तक पुण्याचा एक खराखुरा प्रकाशक काढणार. मला तर हे इतकं हवं होतं की त्या आठवड्यात दोनदा भाजी करपली. आनंदाच्या भरात कल्याण चारचौघांत बोलून गेला, आणि तासाभरात नाना आमच्या दूध संकलन केंद्रावर हजर.

“सूनबाई, इलेक्शनला उभी राहिलीस आन घरात सांगितलं न्हाईस?”

“इलेक्शन नाही नाना, स्पर्धा आहे.”

“मतं हायेत का?”

“आहेत.”

“मग इलेक्शनच.”

दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला नाना आधी मोबाईल काढायला लावू लागले. स्टारला ते चांदण्या म्हणायचे. “पाच चांदन्या दाब, मंगच कॅन म्होरं घे.” लोकांनी दाबल्या, आणि अभिप्रायही लिहिले. ‘ताईंना प्रचंड बहुमताने विजयी करा.’ ‘एकच ध्यास, गावचा विकास.’ एकानं तर लिहिलं, ‘कादंबरीला फॅट चांगली लागली.’ मी काउंटरमागं बसून लाजेनं अर्धी झाले होते. पण खरं सांगते, आकडा वाढताना बघून पोटात गुदगुल्याही होत होत्या. शिवाय पुस्तक कुणी उघडत नव्हतं, नानासुद्धा नाही, या विचारानं माझा जीव भांड्यात पडलेला होता.

एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले! माझी प्रतिस्पर्धी कोपरगावची मोनिका. नाना शाल आणि नारळ घेऊन थेट तिच्या घरी गेले, निवडणूक बिनविरोध करायला. या साली आमची सून, पुढच्या साली तुमी, असा प्रस्ताव. संध्याकाळी मोनिकाचा मला फोन आला. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं.

“त्यांना चहा पाजला. पण शाल आणि नारळ परत केले हं. माघार घेत नाही मी.”

“अहो, मला यातलं काही माहीत नव्हतं, माफ करा.”

“माफी कसली? दार उघडलं तर तुमच्या कादंबरीतला चेअरमन उभा! टोपी तिरकी, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. त्यांनी वाचलीय का?”

मोनिकानं नानांना उभ्या आयुष्यात एकदा पाहिलं होतं आणि क्षणात ओळखलं होतं. मग स्वतः नानांना कितीसा वेळ लागणार?

त्याच आठवड्यात पाच-पाच चांदण्यांच्या ढिगात एक अभिप्राय आला, दोन स्टारचा. नावाच्या जागी नुसतं ‘एक शेतकरी’. लिहिलं होतं: ‘चेअरमन चांगला उतरला आहे. पण शेवटी तो माफी मागतो हे पटले नाही. असली माणसं माफी मागत नसतात. लेखिका भ्याली.’

मला इतका राग आला की मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. पहिल्यात त्याची अक्कल काढली होती, चौथ्यात त्याचं खानदान. शेवटी दात-ओठ खात ‘प्रांजळ मताबद्दल आभार’ एवढंच टाकलं. राग त्याचा नव्हताच. ‘भ्याली’ हा शब्द वर्मी लागला होता, कारण तो खरा होता.

नानांनाही मी ते दाखवलं. वाटलं, आता हा शेतकरी कुठला ते शोधायला जीप काढतील. नाना म्हणाले, “असू दे. लोकशाही हाय.” विरोधातला एक हात वर झाला की सभा गुंडाळणारा हा माणूस! मला नवलच वाटलं.

निकालाच्या दिवशी ॲपनं कळवलं की पुस्तक न उघडताच दिलेली सगळी मतं बाद. आमचं गाव एका फटक्यात साफ झालं. मोनिका जिंकली. मी तिला अभिनंदनाचा फोन केला, न्हाणीघरात जाऊन पाच मिनिटं रडले आणि संध्याकाळचं दूध घ्यायला येऊन बसले.

गर्दी ओसरल्यावर नाना आले आणि एका पालथ्या कॅनवर बसले. “असा निकाल म्या जल्मात बघितला न्हाई,” ते म्हणाले. “अख्ख्या गावाची मतं बाद, आन माझं एकट्याचं धरलं.”

मी मान वर केली. “तुमचं कोणतं, नाना?”

“ते दोन चांदन्यांचं.”

मी हातातलं माप खाली ठेवलं. “तुम्ही वाचलीत?”

“छापली त्याच आठवड्यात. कल्यानच्या गाडीत गठ्ठा हुता. मत टाकायच्या आदी मोबाईलवर पुन्यांदा वाचली.”

“आणि तरी माझा प्रचार केलात?”

“परचार घरच्या मानसाचा करायचा. मत आपल्या मनानं टाकायचं. गुप्त असतंय ते.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “नाना, तो चेअरमन...”

“मीच हाय. टोपीसकट.”

“राग आला?”

“आला.” नानांनी किल्ली फिरवायची थांबवली. “माफी मागतो ते वाचून आला. म्या कुटं मागितली, सूनबाई? त्या मालनबाईचा कांदा जळाला, आन तू मला असा फुकटात मोकळा केलास.”

या माणसाची मला इतकी वर्षं भीती वाटत होती. त्या घडीला पहिल्यांदाच माया वाटली. मी म्हटलं, “पुढच्या आवृत्तीत शेवट बदलते.”

“थांब जरा. इतक्यात लिहू नको.”

ते उठले. गाडीत मोनिकानं परत केलेले शाल आणि नारळ अजून पिशवीतच होते. ते घेऊन नाना चालतच मळ्याच्या वाटेला लागले. गाडी दारातच राहिली.

परत आले तेव्हा शाल काखेत तशीच होती.

“मालनबाईनं शाल घेतली न्हाई,” ते म्हणाले. “नारळ ठेवून घेतला.”

“काही बोलल्या?”

“म्हनली, लई उशीर केलास कारभारी.” नाना पुन्हा त्या पालथ्या कॅनवर बसले, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

दुसऱ्या आवृत्तीत मी तेवढंच लिहिलं. बाई शाल घेत नाही, नारळ ठेवते आणि उशीर झाल्याचं सांगते. नानांनी ती केंद्रावर बसून, चष्मा पुसत पुसत, सगळ्यांदेखत वाचली. मग मोबाईल काढून एक चांदणी वाढवली.

“तीनच?” मी विचारलं.

“मधली चाळीस पानं लई रटाळ हायेत,” नाना म्हणाले. “ती काप. मंग चौथीचं बगू.”