एका पासावर दोघी

आमच्या घरात पास एक आणि जावा दोन. महिन्याचा पास माझ्या नावाचा, फोटोही माझाच. पण तो इतका वाईट आलाय की कुणाचाही म्हणून खपावा. पहाटे मी तो घेऊन इस्पितळाच्या धुलाईघरात जाते आणि चादरींच्या घड्या घालते. दुपारी दोनला स्टेशनातून बाहेर पडते आणि कठड्याशी उभ्या असलेल्या धाकट्या जावेच्या हातात तो ठेवते. ती नदीपलीकडच्या एका मोठ्या ऑफिसात लाद्या पुसते. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण तिला चालणं माहीतच नाही, पळणंच माहीत.

हे नियमात बसत नाही, ठाऊक आहे मला. दर पंधरा पावलांवर पाटी आहे: पास दुसऱ्याला दिल्यास वर्षभर जप्त, वर दंड. पण रोजचं तिकीट काढलं तर भिंगरीच्या पगारातला तिसरा हिस्सा गाडीच खाते, आणि दुसरा पास घ्यायचा तर पैसे एकरकमी लागतात. एकरकमी पैसे असते तर तिने लाद्या कशाला पुसल्या असत्या? खिडकीवर तिकिटांचे सात प्रकार लिहिलेत. पाहुण्यांसाठी तीन दिवसांचं आहे, विद्यार्थ्यांना अर्ध्यात आहे, सायकल घेऊन येणाऱ्यांचीसुद्धा सोय आहे. एकीने सकाळी जायचं आणि दुसरीने दुपारी, हा प्रकार मात्र अजून कुठल्या साहेबाच्या डोक्यात आलेला नाही. म्हणून तो आम्हीच काढला, आणि दीड वर्ष बिनबोभाट चालवला.

त्या दिवशी आमच्या मुकादमबाईने मला चादरी पुन्हा मोजायला बसवलं. नेहमीची गाडी चुकली. स्टेशनात उतरून फाटकाशी पोचले तेव्हा दोन वाजून आठ मिनिटं झाली होती, आणि भिंगरीची गाडी दोन-दहाची. या महिन्यात तिला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर येऊच नकोस, असं ठेकेदाराने तिला तोंडावर सांगितलं होतं.

फाटकापलीकडे ती जागच्या जागी नाचत होती. “ताई, आटपा ना!”

मी सामानवाल्यांच्या रुंद फाटकावर पासाचं कार्ड टेकवलं. दारं उघडली. आता मी बाहेर यायचं, कार्ड तिला द्यायचं, तिने वळसा घालून आत जाण्याच्या रांगेत लागायचं. तेवढा वेळ कुठे होता? तिला उघडं दार दिसलं आणि ती सरळ आत घुसली. मी अंग चोरून तिला वाट दिली. हो, दिली, खोटं कशाला बोलू? दोघींचंही डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. दारं माझ्या नाकासमोर लागली, भिंगरी जिना उतरून दिसेनाशी झाली, आणि कार्ड माझ्याच हातात राहिलं.

“अगं, कार्ड!” मी ओरडले. कार्डाशिवाय ती पलीकडे बाहेर कशी पडणार होती? खाली गाडी हलल्याचा आवाज आला. फोन लावून पाहिला, पण बोगद्यात फोन लागत नाही.

मी पुन्हा कार्ड टेकवलं. लाल दिवा. यंत्राच्या लेखी मी कधीच बाहेर पडले होते.

चौकशीच्या खिडकीतला चष्मेवाला साहेब भला माणूस निघाला, तेच वाईट झालं. त्याने पडद्यावर मागचं चित्रण लावलं. “हे बघा, दार तुम्ही उघडलंत आणि घुसली ही. तुमचा काही दोष नाही. ओळखीची आहे का?”

पडद्यावर भिंगरी थांबली होती, एक पाय आत, एक बाहेर. अंगावर माझीच जुनी हिरवी ओढणी.

हो म्हटलं असतं तर पास गेला असता, आणि पासाबरोबर माझंही काम. नाही म्हटलं तर ती एकटी अडकणार होती, आणि ती तर तशीही अडकलीच होती. आज सांगताना हे फार शहाणपणाचं वाटतं. तेव्हा यातलं काहीच मनात आलं नव्हतं.

“नाही हो,” मी म्हणाले. “कोण आहे कुणास ठाऊक.”

“हल्ली फार माजलेत हे लोक,” तो म्हणाला. त्याने माझ्यासाठी बाजूचं दार उघडलं. मी बाहेर पाऊल टाकते न टाकते तोच त्याने फोन उचलला. “हिरवी ओढणी. दोन-दहाची गाडी. पुढच्या सगळ्या स्टेशनांना कळवा.”

घरी जायला पाय उचलेना. मी स्टेशनासमोरच्या कट्ट्यावर बसले. तीनच्या सुमाराला फोन वाजला.

“ताई, सुटलात ना तुम्ही?” ती दबक्या आवाजात म्हणाली.

मला वाटलं होतं, शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. “सुटले. तू कुठे आहेस?”

“स्टेशनवाल्यांच्या खोलीत बसवलंय. कामाचं विचारू नका, ते गेलं. पास वाचला का?”

“वाचला.”

“मग झालं तर. मला पडद्यावर तुम्हाला दाखवत होते. म्हणाले, ही बाई कोण? मी म्हटलं, कोण आहे कुणास ठाऊक.”

माझेच शब्द.

“मी येते,” मी कशीबशी म्हणाले. “दंड भरू. उसने मागेन कुणाकडे तरी.”

“अजिबात येऊ नका! दारात पाऊल टाकलंत की ओळखतील. ह्यांना निरोप द्या.”

माझ्या धाकट्या दिराचा फोन कारखान्याच्या दारात जमा असतो, सातनंतर हातात येतो. ते तिलाही माहीत होतं. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, आणि तिचा आवाज एकदम मोठा झाला.

“शेजारच्या काकू आहेत, साहेब,” ती म्हणाली. मग मला म्हणाली, “ठेवते हं, काकू.”

सात वाजायला चार तास होते. पास मुठीत होता. त्यावर मला तिच्यापर्यंत हवं तितक्यांदा जाऊन येता आलं असतं, एक पैसाही न लागता. मी सातपर्यंत त्या कट्ट्यावरच बसून राहिले.