हात लावायचा नाही

एजिदियो झाऊलीने आयुष्यातली एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं बदलण्यात घालवली होती. त्यातली तेरा फॉर्म्युला शर्यतींच्या एका संघात. पुढचं डावं चाक त्याचं. गुडघ्यावर बसायचं, हवेवर चालणारी नट-बंदूक सरसावून धरायची, गाडी येऊन थांबली की एकदा झुर्र, जुनं चाक एकाने ओढायचं, नवं दुसऱ्याने बसवायचं, की पुन्हा झुर्र. एका चाकामागे तीन माणसं, जॅकवाले वेगळे, सगळे मिळून वीसएक जण. दोन-अडीच सेकंदांत गाडी परत रस्त्याला. पेट्रोल भरायचं नाही, तशी बंदीच होती. त्यामुळे डोक्यात एकच गोष्ट, चाक.

मग गुडघा बोलायला लागला आणि तो लांब पल्ल्याच्या शर्यतींत गेला. तिथलं शास्त्र निराळं. गाडी आली की इंजिन बंद. आधी पेट्रोल. नळी गाडीतून निघेपर्यंत चाकाला कुणी शिवायचं नाही, आणि शिवणारी माणसंही मोजकीच. एजिदियोला हे सगळं तोंडपाठ होतं, पण त्याच्या हातांना नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका पहाटे, शर्यतीचे अठरा तास झाल्यावर, नळी अजून गाडीतच असताना त्याची बंदूक नटावर जाऊन बसली. झुर्र झालं. दंड झाला. दुसऱ्या नंबरवर असलेली गाडी सातवर गेली. संघातलं कुणी त्याला एक शब्द बोललं नाही आणि तेच त्याला सोसलं नाही. घरी येऊन त्याने आपल्या गावी, ब्रिसिगेल्लात, टायरचं दुकान टाकलं.

त्याची मुलगी नोएमी रॅली चालवायची. सव्वीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्याची. शेजारच्या सीटवर वही घेऊन बसणारी, वळणं वाचून दाखवणारी इलेनिया ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. रविवारी जेवायला दोघी असल्या की एजिदियोची खिल्ली उडालीच म्हणून समजा.

"बाब्बो, तुझ्या फॉर्म्युलात एक गाडी उचलायला वीस जण," नोएमी बापाला म्हणायची. "आमच्याकडे मोजून दोघी. तीही गाडीतून उतरल्यावर."

"अमेरिकेत बरं असतं म्हणे," इलेनिया म्हणायची. "जॅक खांद्यावर घेऊन भिंतीवरून उडी मारायची, आधी उजवीकडची दोन चाकं, मग पळत जाऊन डावीकडची दोन. काका, तुम्ही गेला असतात तर वजन तरी उतरलं असतं."

"खा मुकाट्याने," एजिदियो म्हणायचा आणि तिच्या ताटात पियादीनाची आणखी एक पोळी टाकायचा.

पण रॅलीचा नियम त्याला आतून खुपायचा. मधल्या मुक्कामावर, घड्याळ लावून दिलेल्या वेळेतच मेकॅनिक गाडीला हात लावू शकत. तिथून गाडी बाहेर पडली की आत बसलेले दोघं आणि त्यांनी डिकीत घेतलेलं सामान, बस. बापाने चमचासुद्धा हातात दिला तरी गाडी बाद.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मोदिल्यानाच्या रॅलीत सहावा टप्पा संपायच्या सुमाराला एजिदियो त्रेदोत्सियोच्या वरच्या वळणावर, टप्प्याच्या शेवटच्या रेषेच्या जरा पुढे उभा होता. संघाच्या माणसांना उभं राहायला नेमून दिलेल्या दोन-तीन जागा होत्या, ही त्यातली एक. चेस्टनटची झाडं, एक दगडी पाणपोई, रस्त्याला बऱ्यापैकी उतार. पिवळं जाकीट घालून देखरेखीला तोस्का वाल्जिमिल्यी होत्या. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं त्यांनी खोऱ्यातल्या पोरांना शिकवलं होतं. एजिदियो तिसरीत त्यांच्याच हाताखाली होता.

"झाऊली, पोरगी पुढे आहे म्हणे," बाई म्हणाल्या.

"छोट्या गाड्यांत पहिली, बाई. पन्नास सेकंदांनी."

तेवढ्यात वरून आवाज आला. इंजिनाच्या आधी रिमचा. लोखंड डांबरावर घासत येत होतं. लाल गाडी वळणावरून खुरडत आली आणि पाणपोईपाशी थांबली. पुढच्या डाव्या चाकाच्या टायरची नुसती लक्तरं उरली होती.

नोएमी उतरली. हेल्मेट सीटवर फेकत म्हणाली, "कडेचा दगड. टप्प्याचे शेवटचे चार किलोमीटर तशीच आणली. तिथे थांबले असते तर सगळंच गेलं असतं."

"बावीस सेकंद गेले," इलेनियाने घड्याळाकडे पाहत सांगितलं. "अजून अठ्ठावीसने पुढे आहोत. खालच्या वेळ-तपासणीच्या टेबलावर एकोणीस मिनिटांत हजर व्हायचंय, रस्ता बारा मिनिटांचा. हातात सात आहेत. त्यानंतर दर मिनिटाला दहा सेकंद दंड."

दोघींनी डिकी उघडली. जॅक, पाना, जादाचं एकुलतं एक चाक. नोएमीने मागच्या चाकाखाली दगड लावून गाडी उचलली, चारही नट काढले आणि चाक ओढलं. ते हललं नाही. तिने लाथ घातली. दोघींनी दोन बाजूंनी धरून हिसके दिले. रिम तापून, वाकून आपल्या जागी असं घट्ट बसलं होतं की जणू जोडलंच होतं.

एजिदियो चार पावलांवर उभा होता. नेमकं काय झालंय आणि काय केलं की सुटेल हे त्याला पहिल्याच लाथेला कळलं होतं. त्याने बाईंकडे पाहिलं.

"बाई, बोललेलं चालतं?"

"तिसरीत नाही चालायचं," तोस्काबाई म्हणाल्या. "इथे पुस्तकात हाताबद्दल लिहिलंय, तोंडाबद्दल काही नाही. पण हात मागे बांध बघू. तुझा मला भरवसा नाही."

एजिदियोने खरंच हात मागे बांधले.

"नोएमी! नट परत लाव."

"काय?"

"नट परत लाव. अर्धवट, सैल. गाडी खाली घे, दगड काढ, बस आत आणि गाडी दोन हात पुढे, दोन हात मागे घे. दर वेळी करकचून ब्रेक. गाडीच्या वजनाने सुटेल ते."

"बाब्बो, काढलेले नट लावायला वेळ आहे का?"

"लाथा मारायला होता ना? लाव!"

तिने लावले. बघ्यांत एक शेतकरी होता, ट्रॅक्टर रस्त्याकडेला लावून चेस्टनट खात उभा. त्याला हे बघवेना. ट्रॅक्टरमागून हातभर लांबीचा हातोडा उपसून तो पुढे सरसावला. "अगं पोरी, हे घे, दोन टोल्यांत..."

एजिदियो त्याच्या आडवा आला. हात अजून पाठीमागेच. त्याने छातीनेच त्या माणसाला अडवलं.

"ठेव तो."

"अरे, मदत करतोय तुझ्या पोरीला!"

"तुझी मदत तिने घेतली की गाडी घरी. ठेव, आणि चेस्टनट खा."

शेतकरी पुटपुटत मागे गेला. गाडी पुढे गेली, कच्चकन थांबली. मागे आली, थांबली. तिसऱ्या खेपेला ठाप असा आवाज झाला आणि चाक तिरकं लोंबायला लागलं.

"सुटलं!" इलेनिया ओरडली.

पाच मिनिटं गेली होती. नोएमीने धावतपळत जॅक लावला, गाडी उचलली, नट काढले, लक्तरलेलं चाक ओढून बाजूला फेकलं. पण पुढेमागे करताना हँडब्रेक सोडलेला होता तो कुणी ओढलाच नव्हता, आणि काढलेला दगड परत लावायचा राहिला होता. नवं चाक घ्यायला नोएमी वळली आणि गाडी उताराकडे हलली. जॅक कलला.

एजिदियोच्या डोक्याला कळायच्या आत त्याचे हात सुटले. चार पावलं त्याने कशी तोडली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दोन्ही तळवे पुढे, गाडीचा पत्रा बोटभर अंतरावर.

"बाब्बो! हात!" नोएमी ओरडली.

तो होता तसा गोठला. समोर लाल पत्रा, त्यावर चिखल, त्या चिखलाचा वास त्याच्या नाकात. आणि पत्रा हळूहळू सरकत होता. गाडी थांबली तेव्हा इलेनिया अर्धी खिडकीतून आत वाकून हँडब्रेकला लोंबकळत होती आणि नोएमीने पाणपोईचा सुटा दगड मागच्या चाकाखाली पायानेच सारला होता. जॅक तिरका, पण उभा.

"मागे हो," नोएमी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बाब्बो, मागे हो. मी करते."

तो मागे झाला. त्याने पुन्हा हात पाठीमागे बांधले.

जॅक सरळ करून पुन्हा चढवण्यात दीड मिनिट गेलं. चाक बसलं. पहिला नट, दुसरा नट. तिसरा नोएमीने घाईने लावला, दोन बोटांनी फिरवला आणि थेट पाना चढवून खेचायला लागली. एजिदियोला तो दिसत नव्हता, मधे तिची पाठ होती. पण आवाज ऐकू येत होता, करकर.

"थांब."

"बाब्बो, वेळ नाहीये!"

"तिरका चढलाय. आवाज ऐक. तसाच खेचलास तर अर्ध्या टप्प्यात तुटेल आणि चाक तुझ्या आधी खाली पोचेल. काढ."

"गेली सात मिनिटं," इलेनियाने सांगितलं.

नोएमीने क्षणभर कपाळ चाकाला टेकवलं. मग नट काढला.

"आता उलटा फिरव. काढतात तसा. हलका हात. टक् झालं की आटे जुळले."

"नाही होत."

"होईल. घाबरलीस की हात जड होतो. हलका."

टक् झालं. त्या गर्दीत तो इवलासा आवाज एजिदियोला लख्ख ऐकू आला.

"आता सरळ."

नट बोटांनीच आत गेला. मग चौथा. गाडी खाली, चारही नट समोरासमोरच्या क्रमाने घट्ट, फुटकं चाक आणि जॅक डिकीत. गाडी सुरू करता करता नोएमीने खिडकीतून बापाकडे पाहिलं. गाडी झाडांमागे दिसेनाशी झाली.

"अकरा मिनिटं," तोस्काबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"बाई, मघाशी... लिहिलंत?"

"लिहायला घेतलं होतं. पण काय लिहू? हवेला हात लावला म्हणून?" त्यांनी पेन खिशात टाकलं. "जा, पाणी पी. पांढरा पडलायस."

चार मिनिटं उशीर, चाळीस सेकंद दंड. अठ्ठावीसने पुढे असलेल्या दोघी बाराने मागे पडल्या. पुढे फोर्लीचा एक दंतवैद्य होता, फांतीनी नावाचा, चांगला गाडी चालवणारा. टप्पे दोन उरले होते, मधे मुक्काम नाही, आणि डिकीत धड चाक नाही. आणखी एक दगड लागला असता तर तिथेच सगळं संपणार होतं. शहाण्या माणसाने सांभाळून चालवून दुसरा नंबर पदरात पाडून घेतला असता.

नोएमीने सांभाळलं नाही. मोदिल्यानाच्या चौकात भिंतीवर लावलेल्या पडद्यापुढे उभा राहून एजिदियो आकडे बघत होता. सातव्यात तिने चार सेकंद काढले. बाजूला कुणीतरी म्हणालं, "झाऊलीची पोरगी वेडी आहे." आठव्यात तीन. एकूण सात. पाच कमी पडले.

गाड्या चौकात आल्या. फांतीनीने उतरून नोएमीचा हात हातात घेतला. "तुझं चाक फुटलं नसतं तर मी आज दुसरा असतो," तो म्हणाला. ती हसली, त्याचं अभिनंदन केलं, कप घेतला, इलेनियाबरोबर फोटोला उभी राहिली. मग गर्दीतून वाट काढत बापापाशी आली. तिच्या कोपरापर्यंत वंगण होतं, उजव्या हाताची दोन बोटं सोललेली.

"पाच सेकंद," ती म्हणाली.

"बघितलं."

"हँडब्रेक. दीड मिनिट हँडब्रेकने खाल्लं. नाहीतर पंधरा सेकंद वाचले असते."

"हो."

"तू नाही म्हण की. बाप आहेस."

"हँडब्रेकनेच खाल्लं," एजिदियो म्हणाला. "नोएमी, तुझा पाय गाडीखाली असता ना, तर मी हात लावला असता. बाद झाली असती तर झाली असती."

"माहितेय मला. म्हणून तर आधी पाय बाहेर काढला आणि मग ओरडले."

एजिदियोने तिची सोललेली बोटं उलटसुलट करून पाहिली. आता हात लावायला कुणाची ना नव्हती.

"आज तू त्या वळणावर होतास म्हणून चाक निघालं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नसशील. मधे डोंगरात कुठेतरी अडकू, तिथे कोण सांगणार? मंगळवारपासून तुझ्या दुकानाच्या अंगणात गाडी लावायची. इलेनिया आणि मी. उतारावर. चाक काढायचं, चाक घालायचं. आठ मिनिटांत जमेपर्यंत."

"सातात जमेल."

"मग सातात. आणि एक. तू खुर्ची टाकून बसायचंस. हात नाही आणि तोंडही नाही."

"आणि नट तिरका चढला तर?"

"तर चढू दे. आमचं आम्हाला ऐकू आलं पाहिजे ना?"

इलेनिया मागून आली, तिच्या हातात कागदात गुंडाळलेल्या तीन गरम पियादीना होत्या. तिने एक एजिदियोपुढे धरली. त्याने ती घेतली आणि तो मान हलवून म्हणाला, "मंगळवारी सहाला. उशीर करू नका."